टॉवरकडे पाय

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार, सकाळी साडेदहा. हजर: गणिताचे निवृत्त मास्तर, ज्यांच्या अंगणात बैठक होती, आमच्या शेजारच्या ताई आणि त्यांचे यजमान, कोपऱ्यावरचं शिवणकाम करणारं जोडपं, माझे यजमान, मी, आणि उरलेल्या घरांतून एकेक जण. गैरहजर: टॉवरवाले. ते रस्त्यापलीकडे आपल्या फाटकात खुर्ची टाकून पेपर उघडून बसले होते, म्हणजे अर्धे हजरच.

हे सगळं वहीत आहे, कारण लिहायचं काम असलं की नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या रस्त्यावर ते माझ्याकडे येतं. मी कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. नट, बोल्ट, बेअरिंग, ग्रीस. कार्डावरचा आकडा आणि फडताळातला माल जुळला पाहिजे, एवढीच माझी नोकरी. घरीही तीच सवय. गॅस कधी लावला, टाकी कधी धुतली, कोणाच्या लग्नात कोणतं भांडं दिलं, सगळ्याच्या याद्या आहेत. यजमान म्हणतात, मी मेल्यावर त्यांना माझी आठवण येण्याआधी माझी यादी सापडेल.

आमची अकरा घरं एका ओळीत, सगळी दक्षिणमुखी. समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे कोपऱ्यावर टॉवरवाल्यांचं दुमजली घर. त्यांच्या गच्चीवर आदल्या हिवाळ्यात मोबाइल टॉवरचा तो लोखंडी सांगाडा उभा राहिला. वर पांढऱ्या लांबट पेट्या, खाली एक कपाट. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक पुढच्या खोलीच्या खिडकीत तो होता. पडदा लावला तर पडद्यावर त्याची सावली.

बैठकीत मास्तरांनी अर्ज वाचून दाखवला. महापालिकेला द्यायचा. "याले जोडपत्र पाहिजे," ते म्हणाले. "कोणाले काय त्रास, कवापासून. घरोघरी जाऊन लिहून आणा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

रस्त्यापलीकडून पेपरामागून आवाज आला, "माया डोक्यावर हाये तो. मले तं काही होऊन नाही राहिलं."

ताईंचे यजमान, मी त्यांना भाऊजी म्हणते, बसल्या जागेवरून म्हणाले, "डोक्यात काही असंन तं होईन ना गा."

बैठक हसतच संपली. पुढच्या रविवारी वही घेऊन निघाले. रकाने चार: घर, माणूस, त्रास, कधीपासून.

पहिल्या घराची बेल वाजवली. खूप आतून कोणीतरी म्हणालं, "मागून या." दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी बेल वाजवायच्या आधीच आतून आलं, "मागून या वं." मग मी मागच्या बोळातूनच फिरले.

वर्षभर मी या लोकांना रस्त्यावर, भाजीच्या गाडीशी, लग्नात भेटत होते. घरात गेले नव्हते. नोकरी, कारखान्याची बस, यायला सात. त्यामुळे पुढच्या खोल्या रिकाम्या झाल्याचं मला कळलंच नव्हतं. सोफ्यावर चादरी टाकलेल्या. टीव्ही उचलून स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवलेला. देव मागे नेलेले, भिंतीवर त्यांचा पांढरा चौकोन उरलेला. तीन घरांत पुढच्या खोलीतली दिनदर्शिका जानेवारीवरच थांबली होती. पान उलटायला कोणी त्या खोलीत गेलं नव्हतं.

आणि वास. समोरच्या भिंती आतून शेणानं सारवलेल्या. शेणानं किरणं अडतात असं कोणाच्या तरी फोनवर आलं होतं, टॉवरच्याच कृपेनं. ज्या बायकांनी माहेर सुटल्यापासून शेणाला हात लावला नव्हता, त्यांनी गोठा शोधून टोपल्या आणल्या होत्या. पण डिस्टेंपरवर शेण धरत नाही. पोपडे निघत होते, पुन्हा सारवत होते. भर दुपारी खिडक्या बंद, दिवे बंद, आणि अंधारात ती हिरवट भिंत. कोणत्याही घरात मी तिच्याजवळ उभी राहिले नाही. कारण विचाराल तर माझ्याकडे कारण नाही.

सगळ्यांच्या खाटा मागच्या खोलीत. शिवणकामवाल्या बाईंच्या घरी त्यांचे यजमान दुपारचे निजले होते. मी लिहिता लिहिता थांबले.

"दक्षिणेकडं पाय?" मी विचारलं.

"टॉवर तिकडं हाये ना," त्या म्हणाल्या. "डोकं लांब पाहिजे."

"पण दक्षिणेकडं पाय करून..."

"पायाले काय समजते वं. डोकं वाचलं पाहिजे."

लहानपणी झोपेत माझे पाय दक्षिणेकडे गेले तर आई ओढून फिरवायची. ती यमाची दिशा, तिकडे पाय करून कोणी निजत नाही, निजवलं तर ते उठायचं नसतं. हे या अकराही घरांत माहीत होतं. तरी पुढच्या घरी खाट तशीच, त्याच्या पुढच्या घरी सतरंजी तशीच. मी वहीच्या कोपऱ्यात बाण काढत गेले. सगळे बाण एका दिशेचे झाले. ओळीनं सगळी माणसं रस्त्याकडे पाय करून निजलेली, कोणीतरी आणून ठेवल्यासारखी.

घरी येऊन आमच्या खोलीत गेले. आमचाही पलंग फिरलेला होता. उशा उत्तरेला.

यजमानांना विचारलं, "हा कधी फिरवला?"

ते म्हणाले, "तूच फिरवला ना. मला वाटलं झाडायला."

मी फिरवला नव्हता. तो लाकडी पलंग एकट्या माणसाच्यानं हलत नाही. आम्ही दोघांनी मिळून तो पूर्ववत केला. ही गोष्ट कोणत्याही यादीत नाही, म्हणून इथे लिहिते.

शेवटचं घर शेजारचं, ताईंचं. ताई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. अंगणवाडीत आयुष्य काढलेल्या, अख्ख्या वस्तीची पोरं त्यांच्या हातची. माझं बाळंतपण त्यांनी केलं. त्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या, उजव्या कानावर तळहात.

"लिही," त्या म्हणाल्या. "उजव्या कानात घूं घूं. बारीक. टॉवर बोलते."

"डाव्या कानात?"

"डाव्यात नाही बोलत."

"असं कसं, ताई? आवाज आला तर दोन्हीकडं येईल."

"आता त्याले कोनता कान आवडला, मी का सांगू."

भाऊजी चहा गाळत होते. "माया आवाज तीस वर्षं कोन्त्याच कानात गेला नाही," ते म्हणाले. "टॉवरचा बरा जाते."

हसताना मी पाहिलं की ताई उठल्या त्या ओट्याला धरून, आणि चालल्या त्या भिंतीला हात लावून. उजवीकडे कलत होत्या. त्रासाच्या रकान्यात मी "कानात आवाज" लिहिलं. "तोल" लिहिलं नाही, कारण ते त्यांनी सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. उजव्या कानानं कमी ऐकू येत होतं. ते मला म्हणाले, "एकाच कानात असं असलं की आतून बघावं लागतं. एमआरआय करून घ्या. आत बारीक गाठ असू शकते. नसली तर चिंता मिटली. असली तर लवकर कळलेली बरी, उशिरा कळली तर काम अवघड होतं."

एमआरआयच्या केंद्रात ताईंनी दारातून ते गोल यंत्र पाहिलं. आत कोणाची तरी तपासणी चालू होती, ठक ठक ठक आवाज येत होता. त्या वळून सरळ रिक्षात जाऊन बसल्या.

"काहून, ताई?"

"उभ्या टॉवरनं हे केलं. तू मले आडव्या टॉवरमधी घालतं का?"

समजावण्यात रस्ता संपला. घरापाशी उतरताना त्या म्हणाल्या, "हा काढून दे. मंग तू म्हनशीन तिथं येतो. आडव्यातही निजतो. वचन घे मायं."

मी वचन घेतलं. माझ्या दृष्टीनं त्या दिवशी सगळं काम सरळ रेषेत आलं. यादी, अर्ज, टॉवर खाली, ताई यंत्रात. चार पायऱ्या.

यादी स्वच्छ लिहायला कपाटातून कोरी वही काढत होते, तेव्हा करोनाच्या वर्षातली वही हाताला लागली. त्या वर्षी बोटाला लावायचं यंत्र घेऊन मी सकाळ-संध्याकाळ या अकरा घरांच्या फाटकात उभी राहायची. ताप, ऑक्सिजन, इतर तक्रार. सहज उघडली आणि पलंगावर बसले.

डोकं जड. झोप नाही. छातीत धडधड. हातापायाला मुंग्या. तीच घरं, तीच माणसं. शिवणकामवाल्या बाईंचं वाक्य मी जसंच्या तसं टिपलं होतं: "डोक्यात कोणी मशीन चालवते." गेल्या रविवारी त्यांनी हेच सांगितलं होतं, शब्दही न बदलता, आणि म्हणाल्या होत्या की टॉवरच्या आधी असं कधी झालं नाही. मास्तरांची धडधड तीच. त्यांनाही आठवत नव्हती. दोन्ही वह्या मांडीवर ठेवून मी एकेक ओळ जुळवत गेले. स्टोअरमध्ये माल कार्डाशी इतका जुळला की मला बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

ताईंच्या घरासमोर, माझ्याच अक्षरात: "उजव्या कानात घूं घूं. बारीक." टॉवर उभा राहायच्या तीन वर्षं आधी.

सगळंच जुळत होतं असं नाही. दोन घरांतल्या दोन तक्रारी नव्या होत्या. टॉवरनं कोणाला काही केलं का, हे माझ्या वह्यांवरून सांगता येत नाही. मी त्यातली जाणकार नाही. फक्त अर्जात "टॉवरपासून" असं जे जे लिहिलं होतं, त्यातलं बरंचसं टॉवरपासून नव्हतं, एवढं मला कळत होतं. आणि ते मी मास्तरांना दाखवलं तर अर्ज थांबला असता. अर्ज थांबला तर टॉवर उभा. टॉवर उभा तर ताई घरात.

मी जुनी वही साड्यांच्या खाली ठेवली. नवी यादी मास्तरांना दिली. इतक्या वर्षांच्या नोकरीत न जुळणारं कार्ड मी पुढे पाठवलेलं हे एकच.

जानेवारीत यंत्र घेऊन तपासणीला एक माणूस आला. हातात काठीसारखं काहीतरी, त्याला छोटा पडदा. अख्खी ओळ त्याच्या मागे चालली. त्यानं सांगितलं की मोजमाप मर्यादेच्या आत आहे.

ताईंनी विचारलं, "याच्यात कानाचं येते का?"

"नाही बाई, हे हवेचं."

"मंग कानाचं कोन पाहीन?"

"कानाचे डॉक्टर," तो म्हणाला. लोक त्याला हसले. मी हसले नाही. त्या दिवशी तिथे खरं बोलणारा तो एकटाच होता.

टॉवर मे महिन्यात गेला. अर्जामुळे, की करार संपला म्हणून, की टॉवरवाले रोजच्या टोमण्यांना कंटाळले म्हणून, मला ठाऊक नाही. भर दुपारी क्रेन आली आणि पेट्या एकेक करून खाली उतरल्या. आमचे लोक मागच्या खोल्यांतून बाहेर आले, पण फाटकापर्यंतच. चार तासांत गच्ची मोकळी झाली. मास्तरांनी मुलाला फोन लावून ही बातमी द्यायचा प्रयत्न केला. रेंज नव्हती. ते गच्चीवर चढले.

टॉवरवाले त्यांच्या फाटकातून म्हणाले, "आता बोला, मास्तर. मोठ्यानं बोला, पोरगा पुण्याले हाये."

दुसऱ्या दिवशी मी ताईंकडे गेले. "आवाज?"

त्यांनी डोळे मिटले. मागच्या खिडकीतला कूलर पूर्ण वेगानं चालू होता, ओल्या खसाचा, म्हणजे त्याच्या जाळीतल्या वाळ्याचा, वास येत होता. "गेला वं," त्या म्हणाल्या. "पुरा गेला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भाऊजींनी मला पेढा दिला.

"मग आता एमआरआय."

"काहून? बरी झाली ना मी."

वचनाची आठवण दिली. "ते आजारी होती तवाचं," त्या म्हणाल्या. माझ्या चार पायऱ्यांत ही पायरी नव्हती. मी तारीख घेतली, ती गेली. दुसरी घेतली, तीही गेली.

ओळीतलं बाकी काही बदललं नाही. टॉवर गेला तरी पुढच्या खोल्यांत कोणी परतलं नाही. बेल वाजवली की आतून "मागून या". पाय दक्षिणेकडेच. विचारलं तर म्हणत, सवय झाली.

मग पाऊस आला, आणि नागपूरभर कूलर बंद झाले. टाक्या धुतल्या, खस फेकला, वर प्लास्टिक बांधलं. ताईंचा कूलर चालू राहिला. त्यांची-आमची भिंत एक आहे. जुलैभर ती घरघर मला ऐकू येत होती, सकाळी बसला निघताना, संध्याकाळी परतताना. ऑगस्टमध्ये तर हवेतच इतकी ओल होती की पापड वाकत होते, आणि त्यांच्याकडे कूलर. रविवारी गेले. स्वयंपाकघराच्या भिंतीला बुरशी धरली होती. उशा ओलसर. ताई कूलरला उजवा कान लावून बसल्या होत्या, एखाद्याच्या खांद्यावर डोकं टेकावं तशा.

"पावसाळ्यात कूलर चालवणारे सगळ्या नागपुरात आमीच," भाऊजी म्हणाले. मग हळूच, "बंद केला की रडते."

तेव्हा मला कळलं. मे महिन्यात टॉवर गेला, हे खरं. पण मे महिन्यात कूलरही पूर्ण जोरात होता. त्यांचा आवाज गेला नव्हता, कूलरखाली दबला होता.

मी घरी जाऊन साड्यांखालची वही आणली आणि त्यांच्यासमोर उघडून ठेवली. काय सांगायचं ते मी ठरवलं होतं. त्यांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून वाचलं, वरची तारीख पाहिली.

"अक्षर तुयंच हाये."

"हो."

"टॉवर नव्हता तवा."

"नव्हता, ताई. तुमचा आवाज टॉवरचा नाही. कानाचा आहे, आतला आहे. म्हणून म्हणते चला."

त्यांनी ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं. मग चष्मा काढला.

"म्हंजे मले तो येच्या आधीच ऐकू आला," त्या म्हणाल्या.

मी वही मिटली. विचारलं, "आणि आता? कूलर बंद केला तर?"

त्यांनी स्वतः हात लांब करून बटण दाबलं. पंखा फिरत फिरत थांबला. टाकीत पाणी ठिबकत होतं. ताईंनी सवयीनं दक्षिणेकडे मान कलवली, रिकाम्या गच्चीकडे. थोडं ऐकलं. मग बसल्या जागी सावकाश वळू लागल्या, भिंतीला हात लावून, थेट उलट्या बाजूला, मागच्या बोळाकडे. तिथे थांबल्या.

"हा दुसरा हाये," त्या म्हणाल्या. "आला नाही अजून. येऊन राहिला."

भाऊजी ओट्यापाशी उभे होते. मला वाटलं काहीतरी बोलतील, हसवतील. त्यांनी मागच्या दाराबाहेर पाहिलं आणि विचारलं, "किती दूर असंन?"

मी कूलर परत चालू केला.

ही गोष्ट मी बाहेर सांगितली नाही. तरी आठवड्याभरात शिवणकामवाल्या बाईंनी मला भाजीच्या गाडीशी गाठलं. "आता उत्तरेकडून येनार म्हनते ना?" त्या रविवारी मी कामाच्या निमित्तानं चार घरांत डोकावले. चारही घरांत खाटा फिरवलेल्या होत्या. बुद्धीला पटेल असं काही सांगायचं तर इतकंच, की निदान आता पाय दक्षिणेकडे नव्हते.

जुनी वही मी मास्तरांना नेऊन दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, स्वतःच्या धडधडीपाशी थांबले, आणि म्हणाले, "हे तुम्ही तवाच दाखवायले पाहिजे होतं." ते बरोबर होतं. दाखवली असती तर ताई गेल्या असत्या का, हे मला माहीत नाही. न दाखवून त्या गेल्या नाहीत, आणि मधले नऊ महिने निघून गेले, हे माहीत आहे. हल्ली त्या उजव्या हातानं कप धरत नाहीत. उजव्या गालाला मुंग्या येतात, असं भाऊजींनी सांगितलं. ताईंनी नाही.

त्यांच्या मुलीशी बोलले, ती रायपूरहून येते आहे. तिसरी तारीख घेतली आहे. मंगळवार, सकाळी नऊ. बांगड्या, मंगळसूत्र, केसांतल्या पिना घरी ठेवणे. कानाच्या डॉक्टरांचा कागद माझ्या पिशवीत आहे. रिक्षावाल्याला सांगून ठेवलं. केंद्रात विचारून घेतलं, यंत्राचा आवाज लागू नये म्हणून कानांवर लावायला देतात. रजा मंजूर आहे. या सगळ्यांपुढे खुणा झाल्या.

काल ताईंना भिंतीपलीकडून हाक मारून मंगळवारचं सांगितलं. कूलर चालू होता. उत्तर आलं नाही. शेवटच्या ओळीपुढची जागा रिकामी आहे: ताईंना एमआरआयला नेणे.